फेटेवाला कांदा आणि बाबासोंचा नंबर

"दहा लाख म्हंजी किती गोण्या झाल्या गं?" बाबासोंनी ताटावरून मान वर न करता विचारलं.

बाबासो वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पंचवीस वर्षं माथाडी होते. घरातला कुठलाही मोठा आकडा गोण्यांत मोडल्याशिवाय त्यांच्या डोक्यात शिरत नसे. लेकीने, प्रियदर्शिनीने, कॉलेजच्या फीला गोणीमागच्या मजुरीने भागून मोबाइलवर हिशेब केला.

"दीड लाख गोण्या, आण्णा. पण चार वर्षं मिळून."

"आन् येवढं करून पगार?"

"सुरुवातीला वीस-पंचवीस हजार. मग वाढतो."

"म्हंजी म्या दीड लाख गोण्या उचलायच्या आन् तू चित्रं काडायची."

"ग्राफिक डिझाइन म्हणतात त्याला!"

"आवो, काडू दे की," प्रियदर्शिनीची आई, राहीबाई, भाकरी वाढत म्हणाल्या. "आपल्या दारावर पोरीनं पाटी रंगवलीय, तर शेजारची मान्सं नातेवाइकांना बघायला आनत्यात."

खरं तर त्या पाटीचा फोटो बाबासोंनी स्वतःच अख्ख्या मार्केटला दाखवला होता. कौतुकाला त्यांची ना नव्हती. पण कौतुक करणारा माणूस खिशात हात घालतो का, हे त्यांना बघायचं होतं. खारघरच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला दहाच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी संधी आपणहून आली. ज्यांच्या गाळ्यावर बाबासो काम करत, त्या नंदकुमार शेठना गोण्यांवर शिवायला नवं लेबल हवं होतं.

"आमची पोरगी करंल," बाबासो म्हणाले.

"करू दे. आवडलं तर बघू पैशाचं," शेठ म्हणाले.

प्रियदर्शिनीने दोन दिवस खपून लेबल केलं. टपोरा लाल कांदा, त्याच्या डोक्याला भगवा फेटा आणि फेट्याला हिरव्या पातीचा तुरा. खाली ठळक अक्षरांत शेठचं नाव. शेठचा नंबर तिच्याकडे नव्हता, म्हणून तिने तात्पुरता आण्णांचाच टाकला आणि चित्राखाली लिहून पाठवलं, 'आण्णा, नंबर बदलायचाय.'

बाबासोंनी चित्र पाहिलं आणि त्यांचा ऊर असा भरून आला, की खालची ओळ वाचायची राहूनच गेली. त्यांनी फोन शेठपुढे धरला. शेठनी स्वतःचं नाव केवढं मोठं आलंय तेवढं बघितलं आणि म्हणाले, "झकास! दे छापायला." संध्याकाळपर्यंत पाच हजार लेबलं छापून आली आणि सकाळी गोण्या गाड्यांत चढून निघूनही गेल्या.

तिसऱ्या दिवशी बाबासोंचा फोन वाजला, तेव्हा त्यांच्या पाठीवर पन्नास किलो होते.

"हॅलो, कांद्याचा काय भाव आज?"

भाव बाबासोंना तोंडपाठ होता. त्यांनी सांगितला. पाच मिनिटांनी रत्नागिरी, मग पणजी, मग अलिबाग. पाठीवर गोणी आणि खिशात अख्खं कोकण, अशी त्यांची अवस्था झाली. एवढे लोक आपल्याला का विचारतात ते त्यांना कळेना. पण विचारणाऱ्याला उत्तर न देणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आणि उत्तर द्यायचं तर खरंच द्यायचं.

"आज नका घिऊ. माल वला हाय, चार दिसांत सडंल. परवा या, चांगला माल येतुय."

इकडे शेठ आपल्या मुक्या फोनकडे बघत बसले होते. अखेर त्यांनी एक गोणी जवळ ओढली, चष्मा लावला आणि लेबल पहिल्यांदाच पूर्ण वाचलं.

"बाबासो!"

गाळ्यावरची माणसं थबकली.

"हा नंबर कुणाचा? माझा धंदा तुझ्या खिशात घालून फिरतोयस? आणि माझ्याच मालाला ओला म्हणतोस?"

"वला व्हता, शेठ," बाबासो पडेल आवाजात म्हणाले. "लेबलाचं पैसं माज्या मजुरीतनं कापा. पोरीची चूक न्हाय, म्याच वाचलं न्हाय."

घरी हे कळताच प्रियदर्शिनीचा चेहरा उतरला. सकाळी मात्र शेठचा खरा नंबर छापलेल्या चिकटपट्ट्यांचा गठ्ठा घेऊन ती मार्केटात हजर झाली आणि उरलेल्या लेबलांवर एकेक पट्टी डकवत बसली.

हजारभर झाल्या असतील, तोच गाळ्यासमोर एक टेम्पो थांबला. त्यातून उतरलेल्या गृहस्थांनी विचारलं, "बाबासो शेठ कुठे भेटतील?"

नंदकुमार शेठच्या हातातला चहा तसाच राहिला.

"शेठ त्ये बसल्यात," बाबासो पुढे होऊन म्हणाले. "म्या उचलणारा."

"मी चिपळूणचा साळवी. हॉटेलांना माल पुरवतो. वीस वर्षांत मला 'आज घेऊ नका' म्हणणारे तुम्ही पहिलेच. दर आठवड्याला दोनशे गोण्या लागतील. भाव शेठशी ठरवतो, माल मात्र तुम्ही निवडायचा."

शेठ उठले आणि हातातला चहा त्यांनी बाबासोंच्या हातात दिला. मजुरी कापण्याचा विषय तिथेच मिटला.

"आणि हा फेटेवाला कांदा कुणी काढला?" साळवींनी विचारलं. "ढिगात लांबून हीच गोणी दिसते. माझ्या कोकमाच्या पाकिटाला असं काहीतरी पाहिजे."

बाबासोंनी छाती काढून बोट दाखवलं. "आमच्या मॅडम!"

"मॅडम, किती घ्याल?"

प्रियदर्शिनीच्या बोटांना डिंक लागला होता. "पंधरा हजार," ती म्हणाली.

बाबासोंना घाम फुटला. ते मध्ये पडणार, एवढ्यात साळवींनी फोन काढून निम्मे पैसे पाठवलेसुद्धा. हे बघून शेठनीही, आपण मागे राहू नये म्हणून, खिशात हात घातला.

साळवी गेल्यावर बाबासो लेकीवर चिडले. "लगीच हो म्हनला त्यो! कमी मागितलंस तू!"

पुढच्या सोमवारी बापलेक खारघरच्या कॉलेजात फीच्या खिडकीपुढे उभे होते. बाबासोंनी पतपेढीतून काढलेल्या पैशांत लेकीची कमाईही घातली होती. खिडकीतला क्लार्क पावती करता करता म्हणाला, "काका, नोकरीची गॅरंटी नसते हां. नंतर येऊन भांडू नका."

बाबासो काही बोलणार, तोच फोन वाजला. कराडचा कुणी गुळाचा व्यापारी होता. साळवींकडून नंबर मिळाला म्हणाला.

"मॅडम आत्ता ॲडमिशन घेत्यात," बाबासो अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले. "डिग्री झाली की रेट वाढंल. जुन्या भावात पायजे आसंल तर आजच सांगा."

मग फोनवर तळवा ठेवून ते लेकीकडे वळले. "गुळाच्या खोक्याला किती सांगू?"

फॉर्म भरता भरता प्रियदर्शिनी हळूच म्हणाली, "वीस हजार."

बाबासोंनी मान डोलावली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"तीस," ते म्हणाले.