आपटलेला चेंडू

सामन्याचं तिसरं सत्र संपता संपता मार्लीन कुचेराने भागाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा उचलली, पुन्हा भागाकार केला. उत्तर तेच आलं.

"एकशे एकाहत्तर पूर्णांक नऊ," ती पुटपुटली. "डेल, ब्रेडन तुझ्या पुढे गेला."

निवेदकांच्या लाकडी माडीवर शेजारी बसलेल्या डेल व्हर्बकाचा दालचिनीचा रोल तोंडाजवळच थांबला. डेल शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांचं निवेदन करायचा. एकोणतीस वर्षांपूर्वी तो याच शाळेचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी होता आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याचं नाव अजून होतं: हंगामातला सर्वोत्तम पासिंगचा, म्हणजे चेंडू फेकण्याचा, आकडा, १७१.४. पुढे त्याने पशुखाद्याचं दुकान काढलं, दोनदा लग्न केलं, पण भिंतीवर चढला तो तेवढ्या एकाच गोष्टीमुळे.

"हळू बोल ना," तो म्हणाला.

पण माईकचं बटण अडकलेलं होतं. अख्ख्या मैदानाने ऐकलं. भोवती उभ्या केलेल्या पिकअप गाड्यांचे हॉर्न वाजू लागले.

किती चेंडू झेलले गेले, किती यार्ड, किती टचडाऊन म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे गेले, किती समोरच्यांच्या हाती लागले, या सगळ्याचा हिशेब करून फेकलेल्या चेंडूंनी भागायचं. वाया गेलेला प्रत्येक चेंडू आकडा खाली ओढतो. न फेकलेला काहीच बिघडवत नाही. गावाला हे पाठ होतं, कारण मार्लीनच्या वडिलांनी, एमिल कुचेरांनी, चौतीस वर्षं त्याच्या वह्या लिहिल्या होत्या. अर्धा यार्डही ते कुणाला सोडत नसत. पाद्र्याच्या मुलालासुद्धा नाही. ऑगस्टमध्ये ते गेले. सप्टेंबरमध्ये वह्या आणि पेन्सिल मार्लीनकडे आल्या.

आज हंगामातला शेवटचा सामना होता. ब्रेडन आता शाळेचा क्वार्टरबॅक होता आणि संघ चोवीस-सात असा पुढे होता.

"आता फेकू नकोस रे!" खालून इर्मा सेडलाचेक ओरडली. ती ब्रेडनची आजी. "नुसता पळ!"

कोच म्हणजे इर्माचाच मुलगा. आईचं ऐकायची त्याला लहानपणापासून सवय होती.

अडचण एवढीच, की माईक पाहुण्या संघानेही ऐकला होता. ब्रेडन फेकणार नाही म्हटल्यावर त्यांनी सगळे गडी पुढे आणून उभे केले. चेंडू घेऊन पळणारा दोन पावलांत आडवा व्हायला लागला. चोवीस-चौदा झाले. मग चोवीस-एकवीस. शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा पाहुणे अठ्ठावीसवर होते.

"आता तरी फेक!" बाकांवरून आरोळी उठली.

"खबरदार!" इर्मा.

ब्रेडनने आजीकडे पाहिलं, चेंडू पोटाशी धरला आणि तो पळत सुटला. चाळीस यार्ड गेल्यावर त्याला पाडलं. शेवटची रेषा चार यार्डांवर होती, तेरा सेकंद उरले होते, घड्याळ चालू होतं आणि विश्रांती मागायची सोय संपलेली होती. अशा वेळी घड्याळ थांबवायचं, तर हातात येताच चेंडू समोर जमिनीवर आपटायचा. ब्रेडनने आपटला. घड्याळ थांबलं. पुढच्याच खेळीत तो चेंडूसकट रेषेपलीकडे कोसळला. तीस-अठ्ठावीस!

हॉर्नचा गदारोळ झाला. मार्लीनने मान वर केली नाही.

"आपटलेला चेंडू म्हणजे वाया गेलेला पास," ती म्हणाली. "एकशे सत्तर पूर्णांक आठ."

"नियम म्हणजे नियम," डेल म्हणाला आणि रोल पुन्हा खायला लागला.

इर्मा ऐंशीव्या वर्षी लाकडी जिना चढून वर आली. "तो पास होता? कुणाला दिला होता, गांडुळाला?"

"आजी, नियमच आहे तसा," मार्लीन म्हणाली.

"एमिल असता ना, तर..."

"एमिलने कधी सोडलाय का?" डेल म्हणाला. "मार्लीन, काढ माझ्या वर्षाची वही. दाखवच यांना. मीही शेवटच्या सामन्यात एक आपटला होता."

मार्लीनने १९९६ची वही काढली. वडिलांचं तिरकं अक्षर. शेवटचा सामना. तिचं बोट ओळींवरून खाली उतरलं आणि थांबलं. आपटलेला चेंडू बेरजेत नव्हता. समासात बारीक लिहिलं होतं: "डेलने घड्याळासाठी आपटला. त्याची आई मंगळवारी गेली. हा चेंडू मी पाहिला नाही."

तिने ते दोनदा वाचलं. बोट तिथेच राहिलं.

"काय लिहिलंय?" इर्माने विचारलं. तिचा चष्मा खालीच राहिला होता.

डेल मार्लीनच्या खांद्यावरून वाचत होता. त्याने रोल बाजूला ठेवला. वही मिटायला त्याला एक हात पुरला असता.

"माझा धरला, तर मी एकशे सत्तर पूर्णांक चार," तो म्हणाला. "दोघांचे धर नाहीतर दोघांचे सोड, पोरगाच पुढे आहे."

"धरायचे, तर हे खोडावं लागेल," मार्लीन म्हणाली.

खोडरबर समोरच पडलं होतं. दोघांनीही त्याला हात लावला नाही.

"ब्रेडनने चेंडू आपटला, तेव्हा तू काय करत होतीस?" डेलने विचारलं.

"पेन्सिल पडली होती. खाली वाकून शोधत होते."

"मी रोल खात होतो."

हॉर्न एकाएकी थांबले. दोघांनी माईककडे पाहिलं. लाल दिवा जळत होता.

"आम्ही घड्याळाकडे बघत होतो!" खालून कुणीतरी ओरडलं.

"माझ्या डोळ्यांवर ऊन होतं!"

चेंडू आपटला तेव्हा दोन हातांवर उभा असलेला पंच आता सामान आवरत होता. त्याने वर पाहिलं. "मी बुटाची नाडी बांधत होतो," तो म्हणाला.

मार्लीनने खोडरबर घेतलं, आजच्या पानावरचा १७०.८ खोडला आणि १७१.९ लिहिला. मग समासात, बारीक अक्षरात: "हा चेंडू मीही पाहिला नाही."