चाखणाऱ्याने समक्ष यावे

शनिवारी सकाळी तारनाक्याच्या आमच्या घरी, नेहमीप्रमाणे, कुत्र्याची न्याहारी आधी बाबांनी केली. एकतीस वर्षं पशुखाद्य तपासणीच्या प्रयोगशाळेत काढलेले बाळकृष्णपंत नवी पिशवी फोडली की एक दाणा स्वतः दाढेखाली धरत आणि मगच नवाबपुढे वाटी ठेवत. त्या दिवशी त्यांनी दाणा तळहातावर थुंकला.

"बुरशी आहे, केतकी. तक्रार लिही."

"बाबा, पिशवीवर शिक्का आहे."

"शिक्का बाहेर आहे. बुरशी आत."

"शी! शेजारचे बघताहेत. आणि सगळं तुम्हालाच कसं हो कळतं?"

नवाबनं वाटी हुंगून तोंड फिरवलं. बाबांनी त्याला दहीभात कालवला. रविवारी पहाटे ते झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. दाण्याचा काही संबंध नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते प्रत्येक टेबलावर सांगावं लागलं.

तेरावं झाल्यावर मी तक्रार लिहिली. बाबांनी सांगितलेलं शेवटचं काम तेवढंच होतं. नामपल्लीच्या पशुखाद्य कक्षातल्या कारकुनांनी अर्ज दोनदा वाचला.

"कुत्ता दूध देता क्या, मॅडम?"

"नाही."

"अंडा?"

"कुत्रा आहे हो तो!"

"हौ, तो फिर पशू कायकू लिखे? पालतू है ना वो. हमारे इधर नक्को. अन्नवालों के पास जाव."

अन्न कक्षात त्रिवेणीबाई होत्या. मराठी माणूस भेटल्याच्या आनंदात त्यांनी मला खुर्ची दिली.

"हे माणसं खातात का?"

"माझे वडील चाखायचे."

त्यांचा चेहरा उजळला. माणसाच्या तोंडात गेलं की ते अन्न, आणि अन्न म्हटलं की तक्रार घेता येते. "फक्त चाखणाऱ्यानं समक्ष यावं."

"ते वारले."

"अगंबाई! हे खाऊन?"

"नाही, हृदयविकारानं."

"मग तुमची तक्रार काय आहे?"

मी म्हटलं, कुत्र्यानंही वास घेऊन नाकारलं. ही माहिती त्यांनी तत्परतेनं टिपून घेतली. माझीच चूक.

दोन महिन्यांनी उत्तर आलं: "सदर खाद्य सदर कुत्र्याने सेवन केलेले नाही. त्यामुळे त्यास कोणताही अपाय झालेला नाही. सबब सदर खाद्य सुरक्षित असल्याचे निष्पन्न होते."

पत्र मी चहाबरोबर वाचलं. वाचून होईतो सहा बिस्किटं संपली होती. एकाचाही वास घेतला नव्हता. पुड्यावर शिक्का होता ना. तुम्हीही घेत नाही. आपल्या घरांत वास घेऊन खाणारा एक कुत्राच उरलाय, आणि त्याचं म्हणणं लेखी नाही.

मी उठून कोपऱ्यातली, बाबांनी फोडलेली तीच पिशवी उघडली. एक दाणा दाढेखाली धरला. ओल्या गोणपाटासारखी कडवट चव जिभेवर पसरली. दाणा तळहातावर थुंकला. खिडकीत शेजारच्या शिल्पावहिनी उभ्या होत्या, बघू दे.

नवाब बाबांच्या खुर्चीपाशी बसला होता. खुर्चीकडे बघून मी मोठ्यानं म्हणाले, जन्मात त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं ते:

"बाबा, तुमचं बरोबर आहे."