आप्पाण्णांचा दुसरा रुसवा

"पाणी मिळंल काय आक्का?" असं म्हणत युवराज बोरगावातल्या त्या घराच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याला तहान मुळीच लागलेली नव्हती. दर रविवारी तो असाच चार-पाच घरी पाणी प्यायचा. तांब्या तोंडाला लावला की डोळे मोकळे राहतात, आणि गोठा, परडं, माळा सगळं निवांत न्याहाळता येतं. सोमवार ते शनिवार तो मच्छेच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर उभा असे. रविवारी मात्र गावोगावच्या गोठ्यांतून जुन्या सायकली शोधायच्या, विकत घ्यायच्या, घासूनपुसून नव्यासारख्या करायच्या आणि बेळगावातल्या हौशी लोकांना विकायच्या, हा त्याचा उद्योग होता.

या उद्योगात त्याचे दोन नियम होते. सायकल कितीही आवडली तरी तोंड वाकडं करायचं, आणि घरचे लोक ती का विकतात हे कधीही विचारायचं नाही. पहिला नियम भाव पाडण्यासाठी होता, दुसरा स्वतःच्या मनासाठी. निपाणीत त्याने एकदा कारण विचारलं, तर तो गृहस्थ वडिलांच्या आठवणीने रडायलाच लागला. सायकल तर त्याने दिली नाहीच, वर युवराजला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

"आक्का, त्या पेंडीच्या पोत्यामागं सायकल हाय जणू?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"हाय. नेतोस?" त्रिशलाक्का म्हणाल्या.

सत्तरीच्या घरातली बारीक चणीची बाई. इतकं तडकाफडकी उत्तर त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं. पोती सरकवून त्याने पाहिलं. हिरवी उंच सायकल, पुढच्या चाकाला डायनॅमो, मोठी पितळी घंटी, आणि चेनकव्हरवर रंगवलेली अक्षरं : 'आप्पाण्णा, बोरगाव. १९७४'. त्याने नियमाप्रमाणे तोंड वाकडं केलं.

"लई गंजलीया. बघू, काय तरी..."

"बघू बिघू नगं. न्यायची तर आत्ताच ने. मालक शेताकडनं यायच्या आत."

एखाद्या शहाण्या माणसाने इथे थांबून दोन प्रश्न विचारले असते. पण युवराज नियमाचा पक्का. दहा मिनिटांत भाव ठरला, सायकल मोटरसायकलच्या मागे आडवी बांधली गेली, आणि त्रिशलाक्का वळणापर्यंत तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. निघताना त्याने आपला फोन नंबर तेवढा एका कागदावर लिहून दिला. आणखी काही जुनं निघालं तर कळवा, म्हणून.

महिनाभर मच्छेच्या घरात सोप्यात बसून त्याने ती सायकल उभी केली. त्याची आई नागुबाई म्हशीची धार काढून येता-जाता बोलायची, "लोकांच्या गोठ्यातली अडगळ माझ्या सोप्यात. माझी म्हस दूध तरी देती. तुजी सायकल काय देती?" युवराज हसायचा आणि ब्रश घेऊन चेनकव्हरवरची अक्षरं पुन्हा गिरवत बसायचा. शहरात नावासकट सायकलीला जास्त मान असतो. टिळकवाडीत प्रियदर्शनी नावाच्या मुलीने कॉफीचं दुकान काढलं होतं. तिने सायकल बघताक्षणी घेतली आणि आठ फुटांवर भिंतीला नटबोल्टने टांगली. सायकल म्हणजे चाकावर चालायची वस्तू, ती भिंतीवर चढलेली पाहून युवराजला जरा कसंसंच झालं, पण गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन वाजला.

"मच्छेचं सायकलवालं न्हवं? बोरगावची त्रिशला बोलती. ती सायकल परत आण बाबा."

"आक्का, ती विकली की. झालं काय?"

"मालक रुसल्यात."

"सायकलीसाठी?"

"अकरा वर्सं तिच्याकडं ढुंकून बघितलं न्हाय. आज सकाळी पेंडीचं पोतं वडाय गेलं आनि मागची जागा रिकामी दिसली. तवापासनं तोंडातनं शब्द न्हाय. दुपारी ताट वाढलं, तर ताटाला नमस्कार केला आनि उठलं."

युवराजने आयुष्यात दुसऱ्यांदा दुसरा नियम मोडला. "मग तुमी विकलासा कशापायी?"



"लग्नात बी असंच केलंतं त्येंनी," त्रिशलाक्का म्हणाल्या. "जेवणाच्या पंगतीत बसलं, पर घासाला हात लावंनात. सायकल पायजे म्हणून. माझ्या बाकडं पैसा कुठला? गंगी म्हस व्हती. येवढंसं रेडकू आसल्यापासनं मीच तिचं समदं केलेलं. दुसऱ्या दिशी तिला बाजाराला नेली आनि सायकल आली. पन्नास वर्सं ती दारात बघितली मी. कॅरियरवर एकडाव बसले न्हाय. मरायच्या आदी तिला घराभाईर जाताना बघायचं व्हतं, ते बघितलं. आता पुरं. ह्येंचं वय पंचात्तर, जेवल्यालं न्हाईत, काय झालं म्हंजे? तवा माझा बा व्हता. आता रुसवा काढाय कोण हाय?"

युवराजने फोन ठेवला तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटत होती. एवढी मोठी गोष्ट त्याने तोंड वाकडं करून विकत घेतली होती.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर तो थेट टिळकवाडीत गेला.

"विकलेली वस्तू उसनी मागायला आलेले तुम्ही पहिलेच," प्रियदर्शनी म्हणाली. "लोक तिच्याखाली बसून फोटो काढतात हो. सोमवारी एक वाढदिवसही आहे इथे."

"सोमवारच्या आत आणून लावतो, मॅडम. म्हाताऱ्यानं एकदा बघितली, दोन घास खाल्लं, की झालं."

"आणि त्यांनी परत दिलीच नाही तर?"

युवराज डोकं खाजवायला लागला. प्रियदर्शनीने दाराबाहेरच्या गाडीकडे बोट केलं. "तुमची मोटरसायकल इथे ठेवून जा."

"ठेवतो. पर भिताडाला लावू नगासा."

शनिवारी अनंत चतुर्दशी. बेळगावात गणपतींच्या मिरवणुकांमुळे एकही टेम्पो जागचा हलेना, आणि नागुबाईने शनिवारी लोखंड हलवायलाच मनाई केली. शेवटी रविवारी उजाडता उजाडता गल्लीतल्या शामूच्या टेम्पोत सायकल चढली.

बोरगावात शिरताच युवराजची नजर वर खिळली. गल्लीच्या तोंडाशी भला मोठा डिजिटल बोर्ड होता. त्यावर एका म्हाताऱ्याचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि खाली नाव 'आप्पाण्णा'. ज्या नावाची अक्षरं त्याने स्वतःच्या हाताने गिरवली होती, तेच नाव.

"शामू, गाडी थांबीव," तो कसाबसा म्हणाला. "आपुन उशीर केला रं."

शामूने डोळे बारीक करून खालची ओळ वाचली. "'दशलक्षण पर्वानिमित्त तीन दिवसांचा कडक उपवास केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' जित्ता हाय की."

घरासमोर मांडव होता, बाजूला मिरवणुकीसाठी सजवलेला ट्रॅक्टर. आप्पाण्णा खुर्चीवर बसले होते, गळ्यात चार हार, आणि लोक रांगेने त्यांच्या पाया पडत होते. आशीर्वाद द्यायला हात उचलताना त्यांचा चेहरा दातदुखीच्या रोग्यासारखा होत होता. सायकलवाला आल्याचं त्रिशलाक्कांनी कानात सांगताच ते "जरा आत जाऊन येतो" म्हणून उठले आणि युवराजला कोपऱ्यात ओढून कुजबुजले, "आणलासा?"

"आणली. पर आप्पा, हे काय चाललंय?"

"काय सांगू तुमास्नी. गुरुवारी सांजच्याला माझा राग गेलाच हुता. भूक लागली. जेवाय उठलो, तर दिवस मावळलेला. सूर्य बुडाल्यावर आमच्या जैनांत जेवत न्हाईत. म्हटलं सकाळी जेवू. सकाळी शेजारची आक्काताई आली, आदल्या दिवसाचं ताट तसंच बघितली आनि हिला इचारली, 'आप्पांनी उपवास धरलाय व्हय?' हिला खोटं बोलवंना आनि खरं सांगवंना. ही गप. आक्काताई माझ्या पाया पडली. दुपारपर्यंत अर्धा गाव पाया पडून गेला."

"मग सांगून टाकायचं न्हाय?"

"काय सांगू? पंचात्तराव्या वर्षी सायकलीसाठी रुसलोय म्हणून?"

युवराजला हसू आलं, पण म्हाताऱ्याच्या सुकलेल्या ओठांकडे पाहून त्याने ते गिळलं. तीन दिवस हा माणूस नुसत्या गरम पाण्यावर होता. ती भूक तरी खोटी नव्हती.

एवढ्यात बाहेर गलका झाला. आक्काताईच्या मुलाने, म्हणजे बोर्ड लावणाऱ्या श्रेयांसने, टेम्पोतली सायकल पाहिली होती. हिरवीगार, घंटी लखलखणारी, आणि चेनकव्हरवर चक्क आप्पांचं नाव.

"ट्रॅक्टर कॅन्सल!" तो ओरडला. "आप्पांची मिरवणूक सायकलवरनं. साधेपणा म्हंजे काय ते गावाला दिसू दे."

आप्पाण्णा नको नको म्हणत असताना त्यांना सायकलवर बसवलं गेलं. दोघांनी हॅंडल धरलं, दोघांनी कॅरियर. पुढे ताशा, मागे बायका. त्रिशलाक्का अगदी शेवटी चालत होत्या. पन्नास वर्षांपूर्वी या गावात त्या अशाच याच सायकलीच्या मागून आल्या होत्या. आप्पाण्णा पुढे बघतच नव्हते. सारखी मान वळवून मागे बघत होते, आणि लोकांना वाटत होतं आप्पा सगळ्यांना आशीर्वाद देतात.

देवळाला वळसा घालून मिरवणूक परत मांडवात आली. पारण्यासाठी मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन त्रिशलाक्का पुढे आल्या. तेवढ्यात श्रेयांसने माईक आप्पाण्णांच्या तोंडाशी धरला. "आप्पा, दोन शब्द. ह्या वयात येवढं तप कशाच्या बळावर केलासा?"

आप्पाण्णांनी माईककडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि मग बायकोकडे पाहिलं.

"मी तप केल्यालं न्हाय," ते म्हणाले. "मी रुसलोतो."

पाया पडायला वाकलेला एक जण तसाच मान वर करून बघू लागला.

"हिनं सायकल विकली म्हणून रुसलो. लग्नात बी ह्याच सायकलीसाठी रुसलोतो. तवा सासऱ्यानं म्हस विकली. गंगी नाव तिचं. मला म्हाईत हुतं. ही सासरी आली तवा सहा म्हयने गोठ्याकडं जाऊन रडायची, ते बी मला दिसत हुतं. मी सायकल पुसत बसायचो." त्यांनी गळ्यातले हार काढून खुर्चीवर ठेवले. "पर्व संपलं की आपुन एकमेकांची क्षमा मागतो. दरवर्षी मी अख्ख्या गावाची मागितली. हिची कवाच मागितली न्हाय. घरातल्याच माणसाची काय मागायची, म्हणून. आज मागतो."

आणि त्यांनी बायकोसमोर हात जोडले.

त्रिशलाक्का वाटी धरून तशाच उभ्या होत्या.  श्रेयांसच्या चेहऱ्यावर मात्र वेगळीच चिंता होती. "आई," तो हळूच म्हणाला, "आता बोर्डाचं काय?"

"आसू दे," आक्काताईने पदराने डोळे पुसले. "तीन दिस जेवला न्हाय ते खरंच हाय न्हवं? आनि येवढ्या लोकांत बायकोची क्षमा मागितली. तू तुज्या बाला इचारून बघ, त्येच्यापरीस उपवास करतो म्हणंल."

मांडव हसला. त्रिशलाक्कांनी वाटी पुढे केली. "आदी ह्ये घ्या," त्या म्हणाल्या. "बाकीचं नंतर बघू."

दुपारी आप्पाण्णांनी स्वतःच सायकल टेम्पोत चढवायला लावली. "न्या ही," ते म्हणाले. "ज्येनं घेतलीया त्येला द्या. आता दारात नको." युवराजने जी गोष्ट कशी मागावी म्हणून रात्रभर जीवाला घोर लावून घेतला होता, ती न मागता पदरात पडली. संध्याकाळच्या आत सायकल भिंतीवर चढली आणि मोटरसायकल सुटली.

घरी जेवताना त्याने नागुबाईला सगळं सांगितलं. ती एरवी सायकलीचं नाव काढलं की उठून जायची. आज ऐकत बसली.

"म्हशीचं नाव काय म्हणालास?"

"गंगी."

नागुबाई उठली आणि गोठ्यात गेली. बऱ्याच वेळाने परत आली. "आपली आठ म्हयन्याची रेडी हाय न्हवं, ती पुढच्या रविवारी त्या बाईला न्हेऊन दे."

"आई, ती तुझी लाडकी..."

"म्हणूनच म्हणती. सायकलीत काय मिळवलास ते तुझ्याकडं ठेव. रेडी मी देती."

पुढच्या रविवारी शामूच्या टेम्पोतून रेडी बोरगावला पोचली. उन्हाने जीव कासावीस झाला होता. युवराजने दारात उभं राहून पाणी मागितलं, आणि या खेपेला त्याला खरोखर तहान लागली होती.

त्रिशलाक्का तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि टेम्पोकडे बघून थबकल्या. "ही कशाला रं? आमी कुटं म्हस मागितली?"

"आईनं सांगितलंय, माहेराकडनं आलीया म्हणा."

 तांब्या त्याच्या हातात देऊन त्रिशलाक्कांनी रेडीच्या कपाळावरून हात फिरवला. हात तिथून निघेचना. आप्पाण्णा लगबगीने आले आणि दाव्याला हात घालू लागले.

"थांबा," त्रिशलाक्का म्हणाल्या. "ही माझी हाय. हात लावायच्या आदी मला इचारायचं. आनि उद्या गोठ्यातली जागा रिकामी दिसली, तर ह्या डाव मी रुसणार. मी रुसले तर गाव पाया पडाय येणार न्हाय, आनि तुमच्यासाठी भाकरी थापाय बी कोण न्हाय, ध्यानात ठेवा."

"व्हय," आप्पाण्णा म्हणाले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पेंड भिजवू काय?"

"भिजवा," त्रिशलाक्का म्हणाल्या.

आप्पाण्णा धोतर सावरत गोठ्यात शिरले, आणि सायकलीच्या रिकाम्या जागेवर बादली ठेवून पेंड भिजवायला बसले.