खिल्लारे सरांनी परत केलेली शाल

खिल्लारे सर पिठात लिहायचे. खिशाला पेन असायचं, तरी पिठातच. गोरेगावात माझी पिठाची गिरणी, आणि गिरणीत सगळ्यावर पिठाचा थर बसतो, बाकड्यावर, तराजूवर, बायकांच्या डब्यांच्या झाकणावर. सर ज्वारी घेऊन यायचे, नंबर लागेपर्यंत बसायचे आणि त्यांचं बोट फिरायला लागायचं. एखादी बाई आपला डबा उचलायला गेली की म्हणायचे, "थांबा बाई, चालू हाय." बाई म्हणायची, "सर, घरी लेकरं उपाशी हायत." मग सर झाकणाकडं बघत सगळं पाठ करायचे आणि नाराजीनं डबा सोडायचे.

माझी बायको कौशल्या गिरणी झाडायची. सरांच्या आकड्यांना तिनं कधी झाडू लावला नाही. मी ओरडायचो, "पूस की ते." ती म्हणायची, "बाकडं काय पळून चाललंय का?"

सर हायस्कुलात गणित शिकवायचे. एका पोराचं उत्तर बरोबर आलं तरी त्यांनी शून्य दिलं. बाप भांडायला आला. सर म्हणाले, "उत्तर बरोबर हाय. पण ते काहून आलं हे पोराला ठावं न्हाई. म्हणजे ते उत्तर त्याचं न्हाई." बापाला हे पटलं नाही. खरं सांगतो, मलाही पटलं नाही.

"दिसून राहिलं, पण सिद्ध कुठं झालं?" हे त्यांचं ठरलेलं. थांब्यावर कोणी विचारलं, "सर, सेनगावची जीप येईल न?" तर म्हणणार, "आजवर आली." हट्ट्याचं एक स्थळ आमच्या गल्लीतल्या पोरीला आलं होतं. मुलगा सरांचा विद्यार्थी, म्हणून पोरीचा बाप विचारायला गेला. सर म्हणाले, "माझ्यासमोर तरी वाईट वागला न्हाई. पण एवढ्यावरून काही म्हणता येत न्हाई." सोयरीक तिथंच मोडली. परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा सगळे म्हणाले, आता आपलं भलं होणार. सरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "बघू."

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही. मुली बघायला गेल्यावर काय बोलत असतील, याचा अंदाज आहे.

आता त्यांचं गणित. मी चौथीत शाळा सोडली, कौशल्या तर शाळेत गेलीच नव्हती. पण तिला ते समजलं आणि तिनं मला सांगितलं. सरांनी तिच्यासमोर चिंचोके मांडले होते. सहा चिंचोके घ्या, तीन-तीनच्या दोन सारख्या ओळी होतात. नऊ घ्या, तीन-तीनच्या तीन होतात. सात घ्या, कशाही मांडा, सारख्या ओळी होतच नाहीत. असे जे ढीग ओळीत बसत नाहीत ते अडेल. सरांचं म्हणणं असं, की दोनाच्या पुढचा कोणताही सम ढीग घ्या, त्याचे दोन अडेल ढीग करता येतात. बाराचे सात आणि पाच. दहाचे सात आणि तीन.

कौशल्या म्हणाली, "म्हणजे दोन अडेल एका घरात बसले की जोडी जमते. आमच्यासारखी."

सर एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांना तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मी विचारलं, "मोठ्या ढिगांचं बी जमतं का?"

"आजवर लोकांनी बघितले तेवढे सगळे जमले."

"मग झालं की."

"न्हाई झालं. त्याच्या पुढचा न जमला तर?"

"तिथवर मोजायला कोण बसलंय?"

"मी," सर म्हणाले. "पण मोजून होणार न्हाई. न मोजता सांगता आलं पाहिजे."

जगातल्या मोठमोठ्या लोकांना हे जमलेलं नाही म्हणे. आमच्या सरांनी नोकरीत आणि नोकरी संपल्यावरही तेच केलं. रोज संध्याकाळी यायचे, कालच्यापुढचं सांगायचे. मी इंजिनाशी असायचो. कौशल्या सुपात ज्वारी पाखडत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "ते परवा अडलं होतं, ते सुटलं का?" गावात दुसऱ्या कुणी त्यांना असं विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मग ती आजारी पडली. पोटात गाठ. नांदेडला नेली, आणली, पुन्हा नेली. ते सगळं सांगायचं त्राण माझ्यात नाही. ओसरीत खाटेवर असायची. एका सकाळी सर चप्पल न घालताच आले. "वैनी, झालं."

ती म्हणाली, "बरं झालं सर. आता येळेवर जेवत जा."

गावानं दसऱ्याला सरांचा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. सरपंच बोलले, सरांनी मोठा शोध लावला, गोरेगावचं नाव केलं. खालून एकानं विचारलं, "सर, यानं हळदीचा भाव वाढंल का?" सर म्हणाले, "न्हाई." टाळ्या तरी झाल्या. सर तसेच फेटा बांधून आमच्या ओसरीत आले. कौशल्यानं उशी लावून मागितली, उठून बसली, शालीचा पोत हातानं बघितला. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मग तेच सांगायची, सरांचं झालं, पहिलं मला सांगितलं.

संक्रांत झाली आणि ती गेली.

तेराव्यानंतर बघतो तर सर काखेत शाल मारून गावभर फिरून राहिलेले. सरपंचाच्या दारात गेले. "चूक निघाली. शाल परत घ्या." नारळ कधीच खाल्लेला, म्हणून दुसरा विकत आणलेला.

सरपंच म्हणाले, "राहू द्या न सर. आमाला बरोबर होतं तेव्हा बी कळलं नव्हतं."

"मला कळलं न," सर म्हणाले आणि शाल ओट्यावर ठेवून निघाले.

मग शिंप्याकडं, चहावाल्याकडं, पोस्टमनकडं. ज्यानं ज्यानं अभिनंदन केलं त्याच्या दारात. डोंगरकड्याच्या एका म्हाताऱ्या हेडमास्तरांनी पाठ थोपटली होती, तर जीपनं तिकडंही जाऊन आले. लोक म्हणाले, सर कामातून गेले.

सगळ्यात शेवटी माझ्याकडं आले. गिरणी बंदच होती. मी म्हणालो, "कळलं मला. चूक निघाली. बसा."

बसले नाहीत. ओसरीत खाट होती ती जागा बघत उभे राहिले.

"बापूराव, चूक आत्ता न्हाई निघाली. दिवाळीतच निघाली."

मी खाली सतरंजी अंथरली.

"रोज सांगायला यायचो. वैनी दारातूनच म्हणायच्या, या, आमचे गणितवाले आले. बायकांना दाखवायच्या मला. मग मी बसून परत जायचो. गावात कुणाला सांगितलं असतं तर त्यांच्या कानावर आलं असतं. म्हणून कुणालाच न्हाई सांगितलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सगळ्यांना सांगून झालं. त्यांचंच राहिलं. मी खोटा ठरलो."

"तुमी काही बोललातच न्हाई, मग खोटं कसं?"

"चूक माहीत असून गप बसायचं, हे गणितात खोटंच असतं."

"हे गणित न्हाई सर," मी म्हणालो. "हे माझं घर हाय. ती खुशीत गेली. बसा आता."

ते बसले. मी आत जाऊन स्टो पेटवला. चहात साखर टाकायची राहिली, ते माझ्या पहिल्या घोटाला कळलं. सरांचा कप तोवर रिकामा झाला होता.