आधी बॅटरी, मग डिझेल

कुणाच्याही घरी गेले की दिगंबरअण्णा आधी मीटरकडे बघायचे, मग माणसांकडे. माझ्या नव्या बायकोची ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "माहेरी लोड किती?" ती बिचारी म्हणाली, "आम्ही चौघं भावंडं."

अण्णा आमचे शेजारी. सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. नाशिकमध्ये लोडशेडिंग वाढलं, तसा त्यांनी मागच्या अंगणात एक जुना डिझेल जनरेटर आणून बसवला. तो सुरू झाला की आमच्या मांडणीतली भांडी नाचायची. अण्णांचं घर उजळायचं, पण तिथं एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू यायचं नाही.

अण्णांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, माहेर येवल्याचं, पैठणी विणणाऱ्यांचं. एक दिवस त्या म्हणाल्या, "या घरात एकतर तो जनरेटर राहील, नाहीतर मी."

"बघतो, आवाजाचं काय करता येतं ते," अण्णा म्हणाले.

काकूंनी पिशवी भरली आणि येवल्याची एसटी धरली.

अण्णा कामाला लागले. बॅटऱ्या आल्या, इन्व्हर्टर आला. "आधी बॅटरी. बॅटरी दमली तरच डिझेल," ते भेटेल त्याला समजावायचे. सगळं जमलं, तेव्हा मला साक्षीला बसवून त्यांनी येवल्याला फोन लावला आणि रिसीव्हर इन्व्हर्टरजवळ धरला. मग तो कानाला लावून खुशीत विचारलं, "काही ऐकू आलं? नाही ना? तेच तर."

त्यानंतर ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "भावाच्या हातमागावर बसते म्हणे. लग्नाआधी विणायची ती. पण संध्याकाळी लाईट जाते, काम अडतं."

पुढच्या आठवड्यात दारात टेम्पो आला. बॅटऱ्या, इन्व्हर्टर, सगळं वायरिंगसकट चढलं. जनरेटर मात्र इथंच राहिला. "तिला वास सोसत नाही," अण्णा म्हणाले.

ते येवल्याहून परतले त्या संध्याकाळी लाईट गेलेली होती. अण्णा ओट्यावर अंधारात बसले होते. मी शेजारी जाऊन टेकलो.

"मागावर दोन ट्यूब लावल्या," ते म्हणाले. "अजिबात सावली पडत नाही. पदरावरच्या मोराचा डोळासुद्धा दिसतो. तिनं स्वतः बटण दाबून बघितलं. हसली."

"मग काकू कधी येतायत?"



"आता तिथली लाईट जात नाही," ते म्हणाले.