एकतीस वर्षे निरंक

बुडबुडा मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी तो बुडबुडाच धरायचा, असा नियम होता. परीक्षानळीत जांभळा द्रव आणि त्या द्रवात बोटाच्या पेराएवढी एक लहान नळी उलटी बुडवलेली. त्यात टाकीतलं थोडं पाणी मिसळायचं आणि सदतीस अंशांच्या उबदार पेटीत चोवीस तास ठेवून द्यायचं. पाणी स्वच्छ असेल तर दुसऱ्या दिवशी काहीच दिसत नाही. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर जांभळ्याचं पिवळं होतं आणि उलट्या नळीच्या टोकाशी हवेचा एक बुडबुडा येऊन बसतो, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

शहराच्या पाणीपुरवठा विभागातल्या परीक्षक बाई एकतीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला या नळ्या खिडकीच्या उजेडात धरून बुडबुडा आला नाही ना, एवढंच बघत आल्या होत्या. कचेरीत त्यांना नळीबाई म्हणत. शहरात काहीच म्हणत नसत, कारण त्या आहेत हे शहराला ठाऊक नव्हतं.

शहराला पाणी देणाऱ्या टाक्या चार, आणि एक राखीव. टाकी भरली की पाणी एक दिवस थांबवायचं. नळीबाई म्हणाल्या "सोडा", की चावीवाल्याने चावी फिरवायची. एकतीस वर्षांत बुडबुडा अकरा वेळा आला. अकराही वेळा नळीबाई म्हणाल्या "सोडू नका". राखीव टाकीचं पाणी सोडलं गेलं, खराब टाकी उपसून धुतली गेली, शहराने दात घासले आणि ते कामाला गेलं. नोंदवहीत 'घडलेली घटना' असा एक रकाना होता. त्यात रोज, बुडबुड्याच्या दिवशीही, एकच शब्द पडे : निरंक. अकरा हजारांहून अधिक दिवस निरंक. अक्षर मात्र शेवटपर्यंत सुरेख.

निवृत्तीला चौदा महिने उरले असताना 'पद उपयुक्तता पुनर्विलोकन' नावाचं परिपत्रक आलं. ज्या पदाच्या कामातून गेल्या दहा वर्षांत एकही घटना निष्पन्न झालेली नाही, ते पद धारक निवृत्त होताच रद्द समजावं, असं त्यात म्हटलं होतं.

हेडक्लार्कनी नोंदवही पुढे ओढली. माणूस वाईट नव्हता. वाईट बातमी देण्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय होती, एवढंच.

"बाई, तुमच्या रकान्यात सगळीकडे निरंक."

"निरंक आहे हेच तर काम आहे, साहेब."

"मला कळतं हो. मीही तेच पाणी पितो. पण मला कळून काय उपयोग? रकान्याला कळायला हवं ना."

"मी गेल्यावर नळ्या कोण बघणार?"

"पदच नाही म्हटल्यावर नळ्या तरी कशाला राहतील?" हेडक्लार्कनी चष्मा पुन्हा पुसला. "एक वाट आहे. कलम नऊ. गौरवप्राप्त पद रद्द करता येत नाही. संस्कृती, विज्ञान आणि लोकजीवन गौरवासाठी अर्ज टाका. मिळाला तर तुमच्यानंतरही बाई नेमतील. बाप्या नेमतील. कोणीतरी नेमतील."

त्याच पुनर्विलोकनात राखीव टाकीही सापडली. वर्षानुवर्षं नुसती भरून उभी, तीन वर्षांतून एकदा वापर. तिला रिकामं करण्यात आलं आणि तिच्या भिंतीवर आजवरच्या गौरवमूर्तींची मोठी रंगीत चित्रं काढण्यात आली. टाकी पुन्हा भरू देऊ नये, ओल येऊन चेहरे उठतात, अशी सूचना चित्रकाराने लेखी दिली.

गौरवाचा अर्ज अकरा पानी होता. पान चारवर 'आपल्या कार्याने लाभ झालेल्या व्यक्तींची नावे, पत्ते व सह्या'. नळीबाई विज्ञान शिकलेल्या, मोघम लिहिण्याची सवय नाही. त्यांनी 'चार लाख' असं लिहून पाठवलं. अर्ज परत आला. लाभ झालेले म्हणजे जे आजारी पडले असते पण पडले नाहीत, अशांचीच नावं द्यावीत. ते खरोखर आजारी पडले असते, याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडावा. पान सहावर कार्यापूर्वीचं आणि कार्यानंतरचं छायाचित्र मागितलं होतं. बाईंनी एकाच पेल्याची दोन छायाचित्रं चिकटवली. दोन्हींत पाणी होतं.

घरात थोरली नणंद होती. सह्यांची सुरुवात घरापासून करावी म्हणून नळीबाईंनी कागद तिच्यापुढे ठेवला.

"वन्सं, इथे सही करा. पाण्यामुळे कधी आजारी पडला नाहीत म्हणून."

"मी कशी पडेन? मी पाणी उकळून पिते."

"आपल्या घरात? मी रोज तपासते ते पाणी?"

"तू तपासतेस ते तुझ्या समाधानासाठी गं. मी उकळते ते तब्येतीसाठी." वन्संनी कागद उलटा ठेवून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. "आणि खरं सांगू, वहिनी? एकतीस वर्षं लोक मला विचारतात, तुमची भावजय काय करते. मी सांगते, नोकरीला आहे. पुढे काय सांगू? रोज जाऊन काही झालं नाही हे बघून येते?"

सही मिळाली नाही. तरीही अर्ज पोचला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं, कारण बोलावणी सर्वांनाच जात.

समितीत तिघे होते. अध्यक्ष हे अध्यक्ष म्हणूनच प्रसिद्ध होते. त्याआधी ते कशासाठी प्रसिद्ध होते हे त्यांनाही आठवत नसे. उजवीकडे संस्कृती-सदस्य, डावीकडे विज्ञान-सदस्य. टेबलावर पाण्याचे तीन पेले होते. मुलाखतभर ते आलटून पालटून रिकामे होत राहिले.

"तर बाई," अध्यक्षांनी घोट घेतला, "आपल्या कार्यामुळे काय घडलं?"

"काही घडलं नाही."

"संकोच करू नका. विनम्रता आम्ही गृहीत धरतो."

"खरंच घडलं नाही. तेच तर."

संस्कृती-सदस्य हळहळले. "असं कसं हो? मागच्या वर्षी शेजारच्या शहराचं बघा. तिथे दूषित पाण्याने साथ आली. काय ती साथ! तीनशे रुग्ण, एकोणीस मृत्यू. ज्यांनी ती आटोक्यात आणली त्यांना लोकजीवनाचा गौरव. त्या रुग्णांमध्ये जंतूचा नवा प्रकार ज्यांना सापडला त्यांना विज्ञानाचा. आणि गेलेल्यांवर ज्यांनी दीर्घ शोककाव्य लिहिलं, त्यांना संस्कृतीचा. एका साथीतून तीन गौरव!"

त्या एकोणीस जणांना गौरव मिळाला नव्हता. त्यांनी अर्ज केला नव्हता.

"तिथल्या पाणी-परीक्षकाचं पद आदल्या वर्षी रद्द झालं होतं," नळीबाई म्हणाल्या.

"बघा म्हणजे! त्यांनीही हातभार लावला म्हणायचा." अध्यक्षांनी टिपून घेतलं. "त्यांच्याकडे तीनशे रुग्ण होते. आपल्याकडे किती?"

"एकही नाही."

"एकतीस वर्षांत एकही नाही?" अध्यक्षांनी हे ज्या स्वरात विचारलं, त्या स्वरात लोक नापास मुलाला 'एकही विषय सुटला नाही?' असं विचारतात.

विज्ञान-सदस्य घसा साफ करून म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या बाईंचं म्हणणं खोटं नाही, फक्त सिद्ध झालेलं नाही. तुलना हवी. एका वस्तीला तपासलेलं पाणी द्या, दुसऱ्या वस्तीला न तपासलेलं. सहा महिन्यांत कळेल."

"दुसऱ्या वस्तीत कोण राहणार?" नळीबाईंनी विचारलं.

"जे कोणी राहत असतील ते. तो प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत येत नाही."

निर्णय पुढे ढकलण्यात आला. पुढल्या महिन्यात पुन्हा ढकलण्यात आला. निर्णय ढकलण्यात समितीचा हात धरणारं कोणी नव्हतं. आठव्या महिन्यात पत्र आलं : 'आपले प्रकरण घटनेअभावी प्रलंबित आहे. वर्षअखेरपर्यंत घटना घडल्यास त्वरित कळवावे. लहानशी घटनाही ग्राह्य धरता येईल. निर्णय गौरव समारंभात जाहीर करण्यात येईल.' समारंभाची तारीख आणि नळीबाईंच्या निवृत्तीची तारीख एकच होती.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला दोन नंबरच्या टाकीची नळी उजेडात धरली आणि बाईंना बुडबुडा दिसला. मोहरीएवढा नव्हे, चांगला हरभऱ्याच्या डाळीएवढा. द्रव पिवळाधमक. दोन नंबरवर शहराची चौथाई, दोन शाळा आणि गौरव समारंभाचं सभागृह होतं.

फोन वाजला. चावीवाला होता. तेवीस वर्षं रोज याच वेळी वाजत असे.

"बाई, तुमच्या निरोपाप्रमाणे एक, तीन, चार सोडलं. दोन नंबर सोडू का?"

नळीबाईंनी नळी पुन्हा उजेडात धरली. टेबलाच्या खणात समितीचं पत्र होतं. लहानशी घटनाही ग्राह्य. आज गप्प बसलं तर आठवड्याभरात रुग्णांची यादी तयार होईल, नावं, पत्ते आणि डॉक्टरांच्या दाखल्यासकट. पद वाचेल. मग पुढची तीस वर्षं कोणीतरी रोज नळ्या बघेल. हिशोब सरळ होता. विज्ञान शिकलेल्या माणसाला तो चटकन मांडता येतो, हीच त्यातली वाईट गोष्ट.

"बाई?" चावीवाल्याने आवाज खाली आणला. "आला का?"

"आला."

"राखीव टाकी तर कोरडी. बंद ठेवलं तर लोक आपल्या नावाने शिमगा करतील. आणि बाई, तुमचं आज..." तो अडखळला. "तुम्ही नळी बघितलीच नाही म्हणालात तर मी काही बोलायचो नाही. माझं तोंड शिवलेलं."

"तुमची नात कुठल्या शाळेत आहे, भाऊ?"

"दोन नंबरवरच्या."

"मग बंदच ठेवा," नळीबाई म्हणाल्या आणि पेटीचं झाकण लावून घेतलं.

दुपारी बारापर्यंत विभागाकडे सातशे बावन्न तक्रारी आल्या. एकतीस वर्षांत पाणी आलं म्हणून एकही फोन आला नव्हता. त्या सातशे बावन्नांत एक फोन तुमचाही होता. आता आठवणार नाही तुम्हाला. अंगाला साबण लागलेला होता आणि तुम्ही "तिथे बसून तुम्ही लोक करता तरी काय?" असं विचारलं होतं. पाणी का बंद आहे, हे मात्र विचारलं नव्हतं.

हेडक्लार्क जिन्याने धापा टाकत वर आले. हातात कागदांचा गठ्ठा होता.

"बाई, काय सांगू! रकाना भरला. 'घडलेली घटना : पाणीपुरवठा खंडित. कारणीभूत पद : परीक्षक.' खाली सातशे बावन्न नावं, पत्ते, सह्या. फोन केलेले लोकही मग स्वतः येऊन सह्या करून गेले हो." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "घरचं कार्य असल्यासारखे रांगेत उभे होते."

संध्याकाळी पाच वाजता सभागृह भरलं. नळीबाई सहाव्या रांगेत बसल्या, शेजारी वन्सं. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली नळी होती. समारंभ सुरू होण्याआधी बाईंनी ती विज्ञान-सदस्यांना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, बुडबुडा निरखला आणि मान्य केला.

"बुडबुडा आहे. पण यामुळे कोणी आजारी पडलं का?"

"नाही. कोणी प्यायलंच नाही."

"म्हणजे परिणाम शून्य," ते नळी परत देत म्हणाले. "वाईट वाटतं."

लोकजीवनाचा गौरव टँकरशेठना जाहीर झाला. दोन नंबरला पाणी नाही हे कळताच त्यांनी दोन तासांत सहा टँकर उभे केले होते. छायाचित्रं होती, लाभ झालेल्यांच्या सह्या होत्या, कार्यापूर्वीची रिकामी आणि कार्यानंतरची भरलेली बादली होती. अर्ज कसा भरावा, याचा तो नमुनाच होता. पाणी कुठून आणलं, असं कोणीतरी कौतुकाने विचारलं. "थेट नदीतून," शेठ म्हणाले, "मध्ये कोणी हात लावला नाही." टाळ्या पडल्या.

तेच पाणी पेल्यांतून रांगारांगांत फिरलं. वन्संनी पेला उचलला.

"वन्सं, हे उकळलेलं नाही."

"अगं, गौरव मिळालेल्या माणसाचं पाणी आहे. ते काय उकळायचं?"

नळीबाईंनी वन्संच्या पेल्यावर आपला हात ठेवला. वन्संनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा वहिनीच्या तोंडाकडे, आणि पेला खाली ठेवला. भोवतालच्या रांगांत चारशे पेले रिकामे झाले.

सव्वापाच झाले होते. कचेरीच्या वेळेप्रमाणे नळीबाई पंधरा मिनिटांपूर्वीच निवृत्त झाल्या होत्या. अध्यक्षांनी पाणी पिऊन पेला बाजूला ठेवला, कित्येक महिने प्रलंबित असलेला कागद उलगडला आणि ध्वनिवर्धक जवळ ओढला.

"नागरिकहो, एका प्रकरणात निर्णय घ्यायला आम्हाला उशीर झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. आज सकाळी सातशे बावन्न सह्यांनी तुम्हीच तो घेऊन टाकलात. आम्ही फक्त वाचून दाखवतो. पाणी तपासण्याचं पद आजपासून रद्द करण्यात येत आहे. यापुढे तुमच्या नळाचं पाणी कोणीही, कधीही बंद करणार नाही."