चाळीस एकरांचा नवरदेव

"तीन एकरांत खायचं काय?" म्हणून चार मुलीवाल्यांनी पाठ फिरवली, तेव्हा खटकचिंचोळीच्या पद्माबाईंनी पाचव्यांना खरं काय ते सांगून टाकलं. म्हणजे त्यांना जे खरं वाटत होतं ते. आपल्या अनिलकुमारचं हैदराबादेकडं चाळीस एकर रान आहे आणि त्यात स्ट्रॉबेरी लागली आहे!

त्यांचा तरी काय दोष? दोन हजार अकरा साली हैदराबादची नोकरी सुटून गावी आल्यापासून पोरगं दिवसभर माळवदावर, जिथं रेंज येते तिथं, लॅपटॉप घेऊन बसे. फेसबुकवरच्या शेतीच्या खेळात त्याचा जीव असा अडकला होता की भरल्या ताटावरून उठून तो तोडणीला पळे. डोळे तांबारलेले, अंग वाळलेलं.

"कामून जेवना झालास रं?"

"अगं, माल वाळून जायलाय. गाईंची धारबी ऱ्हायलीय."

पोरगं राबतंय, एवढ्यानंच त्या माउलीला गहिवरून येई.

रविवारी हे पाचवे, कोहिनूर गावचे अंकुशराव, जीप करून आले. त्यांच्या मुलीचा, रूपाचा, फोटो बघूनच अनिलकुमार विरघळला होता. हे स्थळ गेलं तर आपलं काही खरं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. अंकुशरावांनी स्ट्रॉबेरीसाठी दोन रिकाम्या पिशव्याही आणल्या होत्या.

"चहा ऱ्हाऊ द्या, अक्का. आधी रान दावा. हैदराबादला जायचीबी तयारी हाय आमची."

"एवढं लांब कामून? त्यो हितूनच बघतो समदं. चला माळवदावर."

अनिलकुमारला घाम फुटला. थाप मारावी तर हैदराबादला निघायला जीप दारात उभी. त्यानं निमूटपणे लॅपटॉप फिरवला. अंकुशरावांनी चष्मा चढवला.

"हिर हाय का बोअर?"

"पाणी लागत न्हाई, मामा."

"खत?"

"दोस्त पाठवतेत."

"आन् माल इकल्यावर पैसा?"

"येतो की. पण ह्याच्या भाईर चालत न्हाई."

अंकुशराव माळवदाच्या कडेला गेले. मग चष्मा काढून त्यांनी माळवदाखाली पाहिलं. घरामागच्या तीन एकरांत कमरेएवढं गवत माजलं होतं आणि कुणाची तरी म्हैस त्यात निवांत चरत होती.

"हे कुणाचं?"

"आमचंच. पण त्याला येळ कुठं हाय?" पद्माबाई म्हणाल्या.

अंकुशरावांनी पिशव्यांची घडी घातली. "अक्का, रान ह्यातलं, गाई ह्यातल्या. आता बायकोबी ह्यातच बघा."

जीप गेली. पद्माबाईंनी लॅपटॉपात डोकावून पाहिलं. "व्हय रं, मग एवढ्या गाईंचं दूध जायलाय कुठं?"

अनिलकुमारला खरोखरच रडू आलं. अशा वेळी माणूस आईच्या कुशीत शिरतो. हा फेसबुकवर शिरला. "स्थळ मोडलं. काळीज तुटलं," एवढंच त्यानं लिहिलं. जन्मात त्याच्या लिहिण्याला तीनच्या वर लाइक मिळाले नव्हते. आज डोळे पुसून होईपर्यंत पन्नास पडले. त्याला जरा बरं वाटलं. कोण कोण ते बघावं म्हणून त्यानं यादी उघडली.

पहिलाच लाइक कोहिनूरच्या रूपाचा होता.